स्पेक्ट्रमचा गंधार

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप दर वर्षी येतो आणि दर वर्षी मी प्रोजेक्टच्या डेडलाइनची ढाल पुढे करतो. यंदा मात्र लिहायचे ठरवले. कारण मागच्या उन्हाळ्यात आमच्या रेडिंगच्या घरात डायनिंग टेबलावर एक काळा डबा तीन आठवडे ठाण मांडून बसला होता आणि त्यावरून घरात बरेच रामायण झाले.

हा डबा म्हणजे बाबांनी १९८७ साली पुण्यात घेतलेला होम कॉम्प्युटर, 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. आमची पुण्याची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा माळा रिकामा करावा लागला. तिथे पितळी घंगाळ, माझी तीनचाकी सायकल आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला हा कॉम्प्युटर निघाला. सोबत बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी. आई म्हणाली, "भंगारात द्या." बाबा म्हणाले, "राहू दे, तो बघेल काय करायचं ते." 'तो' म्हणजे मी. अशा रीतीने डबा हँडबॅगेतून इंग्लंडला आला. खरे तर परत आला असे म्हणायला हवे, कारण त्याचे आजोळ इथलेच.

एका कॅसेटवर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते, 'भूप - ८७'.

बाबा त्या काळात भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी करायचे आणि संध्याकाळी गाणे शिकायला जायचे. स्पेक्ट्रम घरात आल्यावर त्यांनी दोन्ही नाद एकत्र केले आणि कॉम्प्युटरकडून भूप वाजवून घेण्याचा प्रोग्रॅम लिहिला. माझा जन्म १९८९ चा. मला कळायला लागेपर्यंत डबा माळ्यावर गेलेला होता, त्यामुळे तो भूप मी कधी ऐकलाच नव्हता. बाबा-आई उन्हाळ्यात इथे येणार होते. तोपर्यंत डबा चालू करायचा आणि बाबांना त्यांचाच भूप ऐकवायचा, असा बेत मी केला.

यात एक अडचण होती, ती मला उशिरा कळली. बाबांना गेली सहा वर्षे दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. बोलणे ठीक ऐकू येते, पण गाणे "पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं" येते म्हणून त्यांनी गाणे ऐकणे जवळजवळ सोडून दिले आहे. आणि स्पेक्ट्रमचा आवाज तर मुळातच पत्र्याच्या डब्यातला! तो असा का, आणि लोकांनी तो बाहेर कसा काढला, याला एक मजेदार इतिहास आहे. तो आधी सांगतो.

मुकी भावंडे आणि बोबडा भाऊ

क्लाइव्ह सिंक्लेअर हा इंग्लंडमधला एक अवलिया उद्योजक. वस्तू स्वस्त केली की ती घरोघरी जाते, या एका विचारावर त्याने आयुष्य काढले. १९८० साली त्याने झेडएक्स ८० नावाचा कॉम्प्युटर काढला. तयार मशीन ९९ पौंड ९५ पेन्स, आणि सुटे भाग घेऊन घरी जोडलात तर ७९ पौंड ९५ पेन्स. १९८१ साली झेडएक्स ८१ आला, तो तर तयार ६९ पौंड ९५ पेन्सला. किंमत इतकी खाली आणायची तर काहीतरी गाळावे लागणारच. या दोन्ही मशीनना रंग नव्हते आणि आवाजही नव्हता. दोन्ही भावंडे ठार मुकी.

२३ एप्रिल १९८२ रोजी तिसरे भावंड जाहीर झाले, ते झेडएक्स स्पेक्ट्रम. १६ केबी मेमरीचे मशीन १२५ पौंडांना आणि ४८ केबीचे १७५ पौंडांना. याला रंग होते आणि आवाजही होता. पण आवाज कसला, तर सर्किट बोर्डावर बसवलेल्या एका इवल्याशा स्पीकरमधून येणारी पिपाणी. त्याच सुमाराचा बीबीसी मायक्रो एका वेळी तीन सूर आणि वर खरखरीचा एक आवाज काढू शकत असे, कारण त्यात आवाजाची स्वतंत्र चिप होती. पण त्याचे मॉडेल बी ३९९ पौंडांना होते. अमेरिकेतल्या कमोडोर ६४ मध्ये तर बॉब यॅनिस नावाच्या इंजिनिअरने जवळजवळ एक सिंथेसायझरच चिपमध्ये घातला होता. सिंक्लेअरला ते परवडणारे नव्हते.

आता कुणी म्हणेल, कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा ना, मग आवाज टीव्हीतून का नाही? कारण पुन्हा तेच. स्पेक्ट्रममधला मॉड्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरचे चित्र टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटला चालेल असे करून देणारी पत्र्याची डबी, फक्त चित्रापुरताच होता. आवाज मिसळायची सोय त्यात नव्हती. चित्र टीव्हीवर आणि आवाज कीबोर्डच्या खालून, असा तो संसार होता.

एका दिव्याचे संगीत

स्पेक्ट्रममध्ये आवाज तयार होतो कसा, हे फार गमतीचे आहे. भिंतीवरचे दिव्याचे बटण डोळ्यांसमोर आणा. चालू आणि बंद, एवढेच त्याला येते. स्पेक्ट्रमच्या स्पीकरलाही तेवढेच येते. झेड ८० प्रोसेसर २५४ क्रमांकाच्या पोर्टवर एक आकडा पाठवतो. त्यातले पहिले तीन बिट पडद्याच्या कडेचा रंग ठरवतात, चौथा बिट टेपरेकॉर्डरकडे जाणारा सिग्नल आणि पाचवा स्पीकर. पाचवा बिट एक केला की स्पीकरचा पडदा पुढे, शून्य केला की मागे. बस्स.

हार्मोनियमची मधल्या सप्तकातली पांढरी एक घ्या. तिची कंपने सेकंदाला साधारण २६१.६. म्हणजे ते 'बटण' सेकंदाला ५२३ वेळा उलटसुलट करायला हवे. प्रोसेसर सेकंदाला ३५ लाख ठोके टाकतो, म्हणजे दर ६,६९० ठोक्यांनी एकदा. मधल्या वेळात प्रोसेसर काय करतो? आकडे मोजत बसतो! मोजताना चुकला तर सूर गेला. त्यामुळे बेसिक भाषेतली 'बीप' ही आज्ञा चालू असेपर्यंत स्पेक्ट्रमला दुसरे काहीही करता येत नाही. आपण तंबोरा लावताना कुणाशी बोलत नाही, तसेच.

या बंधनातूनही लोकांनी वाटा काढल्या. १९८३ साली मॅथ्यू स्मिथ या पोरसवदा प्रोग्रॅमरने 'मॅनिक मायनर' या खेळात खेळ चालू असतानाच धून वाजवून दाखवली. चित्र हलवणे आणि सूर वाजवणे यांचे तुकडे तो आलटून पालटून करत होता. पुढे टिम फॉलिन या तरुण संगीतकाराने १९८७ च्या 'क्रोनॉस'सारख्या खेळांत त्याच एका बटणावर एकाच वेळी अनेक सूर वाजत असल्याचा भास उभा केला. आजही ते ऐकून इंजिनिअर माणूस कपाळाला हात लावतो.

पुण्याचा स्पेक्ट्रम

ऐंशीच्या दशकात भारतात कॉम्प्युटर म्हणजे एसी खोलीत, बूट बाहेर काढून बघायची वस्तू होती. १९८४ साली सरकारच्या 'क्लास' या योजनेतून काही शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले आणि काही मुलांनी तिथे पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला. पण घरात कॉम्प्युटर हे दूरच होते.

१९८६ साली पुण्यातल्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरचा परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस भारतात आणला. स्पेक्ट्रम प्लस म्हणजे आतून तोच ४८ केबीचा स्पेक्ट्रम. रबरी बटणांऐवजी प्लॅस्टिकचा बरा कीबोर्ड आणि बाजूला रिसेटचे बटण, एवढाच फरक. नावापुढे 'डीबी' लागले आणि हे यंत्र हजारो घरांत आणि क्लासेसमध्ये गेले. गंमत बघा, ज्या वर्षी पुण्यात स्पेक्ट्रमचा संसार मांडला जात होता, त्याच वर्षी एप्रिलमध्ये इकडे सिंक्लेअरने आपला कॉम्प्युटरचा धंदा ५० लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडला विकून टाकला होता.

बाबांनी बोनस आणि भिशीचे पैसे एकत्र करून तो घेतला. त्यांच्याकडे एक झेरॉक्स मॅन्युअलही होते, स्पायरल बाइंडिंग केलेले. ते स्पेक्ट्रम प्लसचे नव्हे, १९८२ च्या मूळ मशीनचे, ऑफिसातल्या एका मित्राकडून मिळवलेले. ते स्टीव्हन व्हिकर्सने लिहिले आहे, ज्याने स्पेक्ट्रमची बेसिक भाषा लिहिली त्यानेच. त्यातले आवाजाचे प्रकरण आम्हा मंडळींनी तरी वाचलेच पाहिजे असे आहे.

'बीप' या आज्ञेला दोन आकडे द्यायचे. पहिला किती सेकंद वाजवायचे, दुसरा कोणता सूर. शून्य म्हणजे पांढरी एक, एक म्हणजे काळी एक, दोन म्हणजे पांढरी दोन, असे पट्टी-पट्टीने वर जायचे. एवढे कोणीही लिहील. पण व्हिकर्सने पुढे असेही नोंदवले आहे की भारतीय संगीतासारख्या काही संगीतांत पट्ट्यांच्या मधले सूर लागतात आणि ते इथे सहज मिळतात, कारण दुसरा आकडा अपूर्णांकातही देता येतो!

१९८२ साली इंग्लंडमध्ये, सव्वाशे पौंडांच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये आपल्या श्रुतींची आठवण ठेवली जाते, याचे मला फार अप्रूप वाटले. कारण हे दुखणे जुने आहे. हार्मोनियमच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे आपल्या गाण्यातले खरे सूर तिच्यात मिळत नाहीत, हा वाद महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि क्लेमंट्स या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची हार्मोनियम करवण्याचा खटाटोप केला. ऑल इंडिया रेडिओने तर १९४० साली हार्मोनियमला बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आणि हा पिपाणीवाला डबा मात्र दशांश चिन्ह देऊन म्हणतो, घ्या हवा तो गंधार!

बाबांनी नेमके तेच केले होते. भूपाचे सूर पाच: सा, रे, ग, प, ध. कॅसेटवरच्या प्रोग्रॅममध्ये सा शून्य, रे दोन आणि प सात असे सरळ आकडे होते. पण गंधार चार नव्हता, तो होता ३.९. आणि धैवत नऊच्या ऐवजी ८.९.

लोड झाला, पण ऐकू येईना

चित्र कसे दिसते केले ती कहाणी वेगळी. इथे एकच सांगतो, कुणाच्या माळ्यावर असे मशीन असेल तर जुना किंवा हाताला येईल तो ॲडॅप्टर लावू नका. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट लागतात, पण पिनच्या मधोमध ऋण आणि बाहेर धन, आजच्या बहुतेक ॲडॅप्टरच्या उलटे. उलटी जोडणी झाली तर मशीन कायमचे गेले म्हणून समजा.

कॅसेट मी आधी लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतली आणि मग फोनमधून स्पेक्ट्रमच्या 'इअर' सॉकेटमध्ये वाजवली. चार वेळा 'टेप लोडिंग एरर' आल्यावर पाचव्यांदा प्रोग्रॅम लोड झाला. पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या रेघा पळत होत्या आणि बाबा खुर्चीच्या काठावर येऊन बसले होते.

प्रोग्रॅम चालू केला. सा, रे, ग... मला व्यवस्थित ऐकू येत होते. बाबा पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चालू कर ना."

"बाबा, चालू आहे."

ते वाकून कान कीबोर्डजवळ घेऊन गेले. म्हणाले, "किरकिर येतेय काहीतरी. सूर नाही येत." आणि सरळ होऊन म्हणाले, "जाऊ दे. तू ऐकलंस ना? झालं." हे 'जाऊ दे' मला फार लागले.

रात्री बसून विचार केला तेव्हा कारण लक्षात आले. इवल्या स्पीकरला सुराचे मूळ कंपन, ते २६१ वाले, धड पेलवत नाही. तो वाजवतो ती मुख्यतः वरची वरची उपकंपने. वयामुळे ऐकू येईनासे होते ते नेमके त्याच वरच्या पट्टीतले. त्यात श्रवणयंत्राची भर. सलग वाजणारा एकच सूर म्हणजे आपल्याच यंत्राची शिट्टी, असा त्याचा अनेकदा समज होतो आणि ते तो सूर दाबायला बघते. म्हणजे बाबांचा भूप खाली स्पीकर खात होता आणि वर श्रवणयंत्र. आवाज चांगल्या मोठ्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर आणला, तरच मूळ सूर त्यांच्यापर्यंत पोचणार होता.

भोक पाडू की नको?

मी कॉम्प्युटर इंजिनिअर असलो तरी सोल्डरिंग गन कॉलेजनंतर हातात धरलेली नाही. पण वाचून वाचून बेत पक्का केला. स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घ्यायचा, एका कपॅसिटरमधून न्यायचा म्हणजे डीसी व्होल्टेज अडेल, मग दोन रेझिस्टर लावून त्याची ताकद कमी करायची. चिपमधून निघणारा सिग्नल साधारण ०.४ ते ३.७ व्होल्ट असा वरखाली होतो, तो ॲम्प्लिफायरला जास्त होतो. शेवटी डब्याच्या मागच्या बाजूला भोक पाडून हेडफोनचे सॉकेट बसवायचे. ड्रिल मशीन शेजाऱ्याकडून आणूनसुद्धा ठेवले.

त्या शनिवारी आमच्या इथल्या रिपेअर कॅफेमध्ये डबा घेऊन गेलो. तिथे एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक आजोबा येतात. त्यांनी डबा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, ऐंशीच्या दशकात शाळकरी पोरे असे डबे घेऊन दुकानात यायची. कुणी स्पीकरला वायर जोडून वडिलांच्या हाय-फायला लावलेली, कुणी भोक पाडून सॉकेट बसवलेले, आणि भोक पाडताना निम्म्यांनी बोर्डाची वाट लावलेली.

बाजारानेही ही गरज ओळखली होती. करा मायक्रोस्पीच नावाचे जोडयंत्र स्पेक्ट्रमला बोलायला शिकवायचे आणि त्याचा आवाज टीव्हीतून काढायचे. चीताच्या स्पेकड्रममधून खऱ्या ढोलांचे आवाज निघायचे, ते घरच्या हाय-फायला जोडून ऐकायचे. स्वतः सिंक्लेअरलाही उपरती झाली. १९८५ साली स्पेनमध्ये आणि १९८६ साली इंग्लंडमध्ये आलेल्या स्पेक्ट्रम १२८ मध्ये तीन सुरांची वेगळी चिप होती, आतला स्पीकर काढून टाकला होता आणि आवाज थेट टीव्हीतून येत होता. त्यानंतर ॲमस्ट्रॅडने काढलेल्या प्लस टूच्या पाठीवर तर 'साउंड' असे लिहिलेले वेगळे सॉकेटच आले.

हे सगळे ऐकून मी माझा बेत सांगितला. आजोबांनी शांतपणे विचारले, "मॅन्युअल वाचलंस का?" मी म्हटले, श्रुतींचा भाग वाचला. ते म्हणाले, "त्याच प्रकरणात थोडं पुढे वाच."

घरी येऊन झेरॉक्स उघडली. तिथे स्वच्छ लिहिले होते की स्पीकरकडे जाणारा आवाज पाठीमागच्या 'माइक' आणि 'इअर' या दोन्ही सॉकेटवरही मिळतो. इअरवर किंचित जास्त जोरात. ॲम्प्लिफायरला जोडायचा तर बहुधा माइक बरा पडेल. आणि ही दोन सॉकेट चुकून शॉर्ट झाली तरी मशीनचे काही बिघडणार नाही, तेव्हा खुशाल प्रयोग करा, असा दिलासाही होता. कारण उघड आहे. टेपरेकॉर्डर आणि स्पीकर यांचे सिग्नल चिपच्या एकाच पिनवरून जातात. वेगळी पिन द्यायची म्हणजे खर्च! ज्या काटकसरीने आवाज एवढासा केला, त्याच काटकसरीने त्याला पाठीमागे एक दारही ठेवले होते. मी ज्या सॉकेटमधून कॅसेट आत घातली, त्याच्या शेजारच्या सॉकेटातून भूप १९८७ पासून बाहेर यायला तयार होता.

ड्रिल मशीन शेजाऱ्याला परत केले.

३.९ की ३.८६?

पहिल्यांदा वायर जोडली तेव्हा आवाज एकाच बाजूने आला. स्पेक्ट्रमची सॉकेट मोनो आहेत, आणि त्यात स्टिरिओ पिन घातली की एक बाजू जमिनीला मिळून गप्प होते. मोनो पिनची वायर आणली, माइक सॉकेटमधून एका छोट्या ॲम्प्लिफायरला दिली आणि ॲम्प्लिफायरला मोठे, कान झाकणारे हेडफोन लावले. सगळे मिळून एका पिझ्झाच्या पैशांत, आणि डब्याला ओरखडाही नाही.

बाबांनी श्रवणयंत्रे काढून टेबलावर ठेवली, हेडफोन घातले. मी आवाज हळूहळू वाढवत नेला. आता ऐकत होते बाबा. आरोह संपता संपता त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरायला लागला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती काही बोलली नाही. गॅस मात्र बंद केला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मला सुचले शहाणपण. शुद्ध गंधार म्हणजे षड्जाच्या सव्वापट कंपने. दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. त्या हिशोबात शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर, म्हणजे स्पेक्ट्रमच्या भाषेत ३.८६. बाबांचा ३.९ म्हणजे चार सेंट चढा. मी म्हटले, "बाबा, दुरुस्त करू या."

बाबा म्हणाले, "मी तंबोऱ्याची कॅसेट लावून बसलो होतो. चार चढा वाटला, तीन पॉइंट आठ उतरलेला. मधला बसला. तो राहू दे."

"पण गणिताने..."

"गणित तुझं. ऐकलं मी होतं."

बाबा झोपल्यावर मी स्पेक्ट्रमच्या रॉममधले बीपचे गणित उघडून बसलो. लोकांनी ते कधीच ओळ न् ओळ उलगडून ठेवले आहे. तिथे काय दिसले? अपूर्णांकातला सूर काढताना व्हिकर्सने खरे, वळणदार गणित न करता सरळ रेषेची तडजोड केली आहे. मेमरी वाचते, वेळ वाचतो, आणि चूक जास्तीत जास्त तीनेक सेंटची, तीही नेहमी उतरती. म्हणजे ३.८६ मागितले की स्पेक्ट्रम प्रत्यक्षात तीनएक सेंट उतरलेला गंधार देतो. आणि ३.९ मागितले की जो वाजतो, तो शुद्ध गंधारापासून जेमतेम एक सेंटवर!

चाळीस वर्षांनी लॅपटॉप घेऊन बसलेल्या माझ्यापेक्षा, त्या किरकिऱ्या स्पीकरला कान लावून बसलेले बाबा अधिक बरोबर होते. हा एक-दोन सेंटचा फरक माझ्या कानाला कळत नाही, हे कबूल करतो. पण दुरुस्ती करायच्या आधी ऐकावे, हे मात्र त्या रात्री कळले. तीन आठवड्यांत दोनदा मी न ऐकता हात घालायला निघालो होतो, एकदा ड्रिल घेऊन आणि एकदा गणित घेऊन.

सकाळी बाबांना सांगितले. ते फक्त "हं" म्हणाले आणि चहा मागितला.

एक राहिलेच. तो प्रोग्रॅम आरोह-अवरोह वाजवतो, दोन-तीन आलाप घेतो आणि मधेच थांबतो. पडद्यावर येते, 'आउट ऑफ डेटा'. मला वाटले टेप खराब झाली असेल. विचारले तर बाबा म्हणाले, "नाही, तेवढाच लिहिलाय. पुढे बंदिश घालायची होती. मग तुझी चाहूल लागली, जागा लागायला लागली, राहून गेलं."

पुण्याला परत जायच्या आधीचे चार दिवस ते रोज दुपारी हेडफोन घालून डब्यापुढे बसत. एका बोटाने बटणे शोधत, एक ओळ घालत, ऐकत, पुसत, पुन्हा घालत. जाताना म्हणाले, "स्थायी झाली आहे. अंतरा दिवाळीत फोनवरून सांगतो, तू टाइप कर." मी मूळ कॅसेटची प्रत वेगळी ठेवली आहे, तिला हात लावलेला नाही. डबा अजून डायनिंग टेबलावरच आहे. फराळाला याल तेव्हा जरा सांभाळून बसा, वायर पाठीमागून गेली आहे.